जिताड्याचं तळं

आमच्या घराच्या मागच्या दाराशी तळं आहे. चार गुंठ्यांचं. शहरातून कोणी पाहुणा आला की विचारतो, "शेततळ्याच्या योजनेतून केलंत का?" त्याला काय सांगायचं? हे तळं माझ्या पणज्यानं खणलं तेव्हा योजना नव्हती, खोत होता.

धरमतर खाडीच्या पश्चिम अंगाला, अलिबाग तालुक्यात, आमचा खारेपाट आहे. पलीकडच्या काठाला पेण तालुका. दोन्हीकडे खारी जमीन, दोन्हीकडे आगरी माणूस, आणि दोन्हीकडे घरामागे नाहीतर शेताच्या कडेला तळं. तळ्यात जिताडा. मुंबईकर पाहुण्याला जिताडा म्हणजे कालवणातली पांढरीशुभ्र तुकडी एवढंच ठाऊक असतं. आमच्याकडे जिताडा म्हणजे बँक होती. मुलीचं लग्न, बैल, आजारपण, कोर्टाची तारीख, सगळ्याला तळ्यात पाग पडायचा. आणि कचेरीत काम अडलं तर साहेबाच्या घरीही जिताडाच जायचा. ही गोष्ट लिहायला बरी वाटत नाही, पण खोटी नाही.

माझी आजी म्हणायची, "जिताडा तल्यान वाढतो, पन त्याचा जल्म दर्यान." लहानपणी मला ते एखाद्या उखाण्यासारखं वाटायचं. पुढे स्वतः तळं सांभाळायला लागलो तेव्हा कळलं, की आमच्या भागाचा सगळा इतिहास त्या बोलण्यात आहे.

आधी मासा सांगतो. तळ्यातला दोन-तीन किलोचा जिताडा कापला तर त्यात गाभोळी कधी सापडत नाही. खाडीत एखादा आठ-दहा किलोचा धूड मिळाला तर त्याचं पोट गाभोळीनं भरलेलं. जुनी माणसं म्हणायची की लहान जिताडे सगळे बाप्ये आणि म्हाताऱ्या झाल्या की त्या बाया. आम्ही पोरं हसायचो. पुढे एका प्रशिक्षणात मत्स्य विषयाच्या साहेबांनी फळ्यावर आकृती काढून तेच सांगितलं. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो, चांगला वजनदार झाला की मादी होतो. म्हणजे म्हातारी माणसं बरोबर होती. फक्त त्यांच्याकडे फळा नव्हता.

दुसरं असं, की तळ्यातल्या पाण्यात तो अंडी घालत नाही. गोड्या पाण्यात तो जगतो, मचूळ पाण्यात जगतो, खाऱ्यात तर जगतोच. पण अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाशी समुद्राचं खारं पाणी आणि भरती-ओहोटी लागते. पावसाळ्यात तो तिकडे जातो. पिल्लं भरतीबरोबर खाडीत, खाडीतून ओढ्यात आणि ओढ्यातून आमच्या शेतात चढतात. म्हणजे तळं कितीही राखा, बी बाहेरूनच यायला हवं, आणि ते यायला दार हवं.

त्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात.

खारेपाटाची जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे. भरतीचं पाणी जिथपर्यंत चढायचं तिथे चिखलाचा बांध घालायचा, तो बाहेरकाठा. बाहेरकाठ्याला ठिकठिकाणी उघाड्या. उघाडीला लाकडी झाप. भरती आली की खाडीचं पाणी झाप दाबून धरतं, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झाप ढकलतं आणि बाहेर पडतं. ना इंजिन, ना माणूस. दिवसातून दोन वेळा समुद्रच दार लावतो आणि समुद्रच उघडतो. पावसाळाभर शेतातला खार असा धुऊन जायचा. दोन-तीन वर्षांत जमीन भाताला यायची. भातही त्या जमिनीसारखंच, राता. काळा राता, भुरा राता. तांबडा तांदूळ, खाराला न भिणारा. लावणी नाही, मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. भाकरी तांबूस व्हायची आणि पेज अशी, की दुपारपर्यंत भूक लागायची नाही.

असे बांध किती जुने, ते मी सांगू शकत नाही. पण आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी मला कुलाबा जिल्ह्याचं १८८३ सालचं इंग्रजी गॅझेटियर वाचून त्याचा अर्थ सांगितला होता. त्यात शिलोत्री जमिनींची हकिगत आहे. ज्यानं बांध घातला तो शिलोत्रदार. बाहेरचा बांध नीट राखायचा म्हणून त्याला बिघ्यामागे भाताचा एक मण जादा मिळायचा. मी गुरुजींना विचारलं, "मण त्यानं घेतला, मग चिखल कोणी उचलला?" गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ते यात नाही."

चिखल कोणी उचलला ते मला घरात ऐकून ठाऊक आहे. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड गेली अशी ओरड झाली की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा, रात्र असो की पाऊस. या पद्धतीला जोळ म्हणायचे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, काम उरकायचं. पुढचं उधाण यायच्या आत खांड बुजली पाहिजे. चिखलाचे गोळे हातोहात जायचे, मध्ये पेंढा आणि तिवराच्या फांद्या, वर पुन्हा चिखल. जो घरी बसला त्याला दंड. विधवेच्या घरात पुरुष नसेल तर तिनं भाकऱ्या द्यायच्या. माझ्या आजानं आयुष्यात किती खांडी बुजवल्या असतील त्याची मोजदाद नाही. पण त्याच्या पायांची नखं वितळल्यासारखी झाली होती. मी ते पाय चेपायचो.

बांधाला माती लागायची, घराच्या जोत्याला माती लागायची. ती जिथून काढली तिथे खड्डा झाला. खड्ड्यात पावसाचं पाणी राहिलं. ते गुरांना प्यायला, दिवाळीनंतर वाल-मिरचीला. आणि उघाडीतून चढलेली पिल्लं भात कापताना शेतातल्या शेवटच्या पाण्यात सापडली, ती कोणी तरी खाऊन टाकायच्या ऐवजी त्या खड्ड्यात सोडली. आमची मत्स्यशेती अशी सुरू झाली असणार असं मला वाटतं. कोणी शोधून काढली नाही.

तळं कुळाचं असलं तरी मासा कुळाचा नसायचा. खोताच्या घरी लग्न निघालं, पाहुणे आले, की माणूस यायचा. पाग टाकून सगळ्यांत मोठा जिताडा घेऊन जायचा. अर्ध्याहून जास्त भात खोताला, वर वेठ, वर मासा.

मग १९३३ साल आलं. २७ ऑक्टोबरला चरी गावात सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं पंचवीस गावांनी ठरवलं, की खोताची जमीन कसायची नाही. हा चरीचा संप. शेतकऱ्यांचा एवढा लांबलेला संप देशात क्वचितच झाला असेल. १९३९ पर्यंत शेतं पड राहिली. १९३४ साली डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, पुढे त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोतीविरुद्ध बिल मांडलं. नारायण नागूंनी १९३७ साली 'कृषीवल' पत्र काढलं. हे सगळं पुस्तकांतून आलेलं आहे, मी वेगळं काय सांगणार? पण त्या वर्षांत लोकांनी काय खाल्लं ते पुस्तकांत थोडं आहे. आजीकडे पुष्कळ होतं.

आजी त्या संपात नवी सून म्हणून आली. माहेरी भात, सासरी पड शेत. पुरुष लाकडं तोडायला, मजुरीला लांब जायचे. बाया ओहोटीला चिखलात उतरायच्या. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, हाताला लागेल ते. ते पोयनाडकडे नेऊन विकायचं आणि कण्या घेऊन यायच्या. "भात नव्हता, पन खारी व्हती," असं ती म्हणायची. तळ्यातले जिताडे मात्र खायचे नाहीत असं पणज्यानं बजावलं होतं. ते आजारपणाला आणि तारखांना.

एक दिवस खोताचा कारकून आला. म्हणाला, धन्याकडे पाहुणे आहेत, मासा हवा. घरात पुरुष कोणी नव्हता. आजी सोळा-सतरा वर्षांची. तिनं डोईचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "तल्यान बेडूक हायत. किती देऊ?"

कारकून गेला. आजी हे सांगताना दर वेळी थोडी थांबायची, कारण पुढची गोष्ट तिला आवडत नव्हती. चार दिवसांनी सकाळी तळ्यात पाच-सहा जिताडे उलटे तरंगत होते. कोणी काय टाकलं कळलं नाही. पणज्यानं सुनेला एक शब्द बोलला नाही. तळं उपसलं, गाळ काढला, पावसाळ्याची वाट बघितली. आणि श्रावणात उघाडीशी नवं बी आलं.

पुढे कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक झाला. आजानं सातबारा देवघरात ठेवला होता, खोटं नाही सांगत. त्याच्या आनंदाला मी कमी लेखणार नाही. पण एक गोष्ट जुन्या माणसांनाही बोलताना अडचण व्हायची, ती मी लिहितो. खोत गेला, बरं झालं. पण खोताबरोबर बांधाचा धनीही गेला. जमिनीचे तुकडे ज्याच्या-त्याच्या नावावर झाले, बाहेरकाठा कोणाच्या नावावर? त्याच्या आधीच १९४८ साली खारजमिनीचा कायदा झाला होता, पुढे १९७९ साली नवा झाला. बांध सरकारकडे गेले. सरकारनं काही वर्षं चांगले बांध घातले, सिमेंटच्या उघाड्या केल्या. पण बांध सरकारचा झाल्यावर रात्री फावडं घेऊन कोण निघणार? खांड गेली की आम्ही अर्ज लिहायला शिकलो. दहावी झालेला म्हणून गावातले पुष्कळ अर्ज मीच लिहिले. १९७५ सालची दहावीची पहिली बॅच आमची, त्याचा गावाला एवढा उपयोग झाला. अर्ज पोचेपर्यंत दोन उधाणं जायची. जोळ मोडली ती कुणी मोडली नाही, आम्हीच सोडली.

तळी मात्र तेव्हा जोरात होती. माझ्या बापानं मला तळं शिकवलं ते सांगतो, कारण आता नवीन मुलं विचारतात. श्रावण-भाद्रपदात ओहोटीला उघाडीच्या आतल्या बाजूला, ओढ्याच्या कडेला, बोटाएवढी पिल्लं धरायची. अंगावर काळपट पट्टे आणि डोक्यावर पांढुरकी रेघ. मडक्यात घालायची, वर ओलं फडकं. घरी आणून एकदम तळ्यात ओतायची नाहीत. मडकं तळ्यात ठेवून हळूहळू तळ्याचं पाणी आत घ्यायचं, नाहीतर गोड्याच्या धक्क्यानं मरतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे निवड. जिताडा जिताड्याला खातो. एक पिल्लू दुसऱ्याहून थोडं मोठं असलं की संपलं. शंभर सोडली आणि वर्षानं वीस निघाली तर माणसं म्हणतात चोरी झाली. चोर तळ्यातच असतो. म्हणून बाप दर आठवड्याला पिल्लं काढून एकसारखी करायचा, मोठी एकीकडे, बारकी दुसऱ्या खड्ड्यात. खायला ओढ्यातली बारीक कोळंबी, बोयटाची पिल्लं, पुढे तळ्यातच वाढणारी तिलापी. पहिल्या वर्षी अर्धा-पाऊण किलो, तिसऱ्या वर्षी तीन-चार किलो. वैशाखात पाणी उतरलं की पाग.

१९७८ साली माझ्या बहिणीचं लग्न त्या तळ्यावर झालं. नवऱ्याकडचे मानपान मागत होते. बापानं एकवीस जिताडे काढले. बहीण अजून सांगते, "माझं लगीन माशांनी लावलं."

आता मला जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीचं आहे.

१९९० नंतर किनाऱ्यावर कोळंबीचं वारं सुटलं. आंध्र, तमिळनाडूत शेतं खोदून टायगर कोळंबीची तळी होत होती, माल परदेशात जात होता. आमच्याकडेही बाहेरची एक पार्टी आली. बाहेरकाठ्याला लागून असलेली जमीन भाड्यानं पाहिजे, भाताच्या उत्पन्नाच्या तिप्पट भाडं. बाप नाही म्हणाला. मी पेपर वाचणारा, पस्तिशीचा. मी म्हणालो, आपण पिढ्यान्‌पिढ्या मासाच वाढवतो, मग हे वेगळं काय? बाप म्हणाला, "आपून गोरे पान्यान मासा वाढवतो. ते खारा पानी शेतान घेनार." मी ऐकलं नाही. दीड एकरावर सही करायला लावली.

बांध कापून पंपानं खारं पाणी आत घेतलं. पाणी घुसळणारी चक्रं, गोळी खाद्य, रात्रभर दिवे. पहिलं पीक बघून मी स्वतःवर खूश होतो. चार महिन्यांत पीक, आमचा जिताडा तीन वर्षं घेतो! त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी कोळंबी तळ्याच्या काठाला येऊन लागली. हलत नव्हती. कवचावर पांढरे ठिपके. तीन-चार दिवसांत सगळं तळं मेलं. तो पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९४-९५ पासून देशभर फिरला आणि टायगर कोळंबीचा धंदा त्यानं आडवा केला, हे पुढे कळलं. पार्टीनं सडलेलं पाणी ओढ्यात सोडलं, पंप ट्रकवर चढवले, शेवटच्या वर्षाचं भाडं बुडवलं. त्या पावसाळ्यात उघाडीशी एक पिल्लू दिसलं नाही.

११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तमिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते जगन्नाथन यांच्या अर्जावर न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी सांगितलं, की किनारा नियंत्रण क्षेत्रातली कोळंबीची तळी काढून टाका, शेतजमीन आणि तिवरांची जमीन यासाठी वापरू नका. फक्त पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धतीला मोकळीक. मी ती बातमी बापाला वाचून दाखवली. पारंपरिक म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, म्हणजे आपलं तळं. तो उठून गुरांकडे गेला. पुढे २००५ साली संसदेनं किनारी मत्स्यशेतीचा कायदा केला, परवाने, प्राधिकरण सगळं आलं. धंदा पुन्हा उभा राहिला. २००९ पासून व्हेनामी नावाची दुसरी कोळंबी आली आणि आज देशाच्या निर्यातीत तिचाच बोलबाला आहे. मी कोळंबीच्या विरुद्ध नाही. नीट करणारे करतात आणि कमावतात. पण जी जमीन धुवायला माझ्या माणसांनी नखं झिजवली, तिच्यात मी चार पैशांसाठी खार परत बोलावला. त्या दीड एकरात पुढे तीन वर्षं राताही उगवला नाही.

आणि कापलेला बांध नीट भरलाच गेला नव्हता. वरवर माती टाकली होती. खाडीत मोठ्या बार्ज फिरायला लागल्या होत्या, त्यांच्या लाटा दिवसरात्र त्या मऊ जागेवर. एका पिठोरी अमावास्येच्या उधाणाला तिथेच खांड गेली. सकाळी बघतो तर आमचं शेत, शेजाऱ्याचं शेत, त्याच्या पलीकडचं, सगळीकडे खाडी. मी अर्ज लिहिला. पाहणी झाली, अंदाजपत्रक झालं, फाईल कुठे तरी राहिली. बाप त्याच वर्षी गेला. मला कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पाणी आलं की तिवर येतो. दोन-तीन वर्षांत गुडघाभर, पाच-सहा वर्षांत डोक्याच्या वर. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिवरं तोडायला बंदी केली. बंदी योग्यच आहे, शहरवाल्यांनी तिवरांवर भराव घालून काय केलं ते आपण बघतो. पण आमची गंमत अशी, की सातबाऱ्यावर माझं नाव, पीकपाहणीत पड, आणि शेतात जंगल, त्याला हात लावला तर मी गुन्हेगार. आजानं देवघरात ठेवलेला कागद अजून आहे. जमीन त्याच्यातून निघून गेली.

अधूनमधून साहेब लोक नवीन काही तरी घेऊन येतात. खेकडे, कालवं, पिंजऱ्यातला मासा. एकदा समुद्री शेवाळाच्या शेतीवर बैठक झाली. तिकडे तमिळनाडूत मंडपमला बाया बांबूच्या तराफ्यांवर शेवाळ बांधतात, पंचेचाळीस दिवसांत कापतात, त्याचा चिकट पदार्थ आइस्क्रीम, टूथपेस्टमध्ये जातो. फोटो छान होते. मी उभा राहून विचारलं, ते पाणी नितळ दिसतंय, आमच्या खाडीत हात घातला तर बोटं दिसत नाहीत, आणि चार महिने पावसाचं गोडं पाणी वरून येतं, तिथे शेवाळ कसं राहील? साहेब प्रामाणिक होते. म्हणाले, तुमच्या खाडीत नाही राहणार, नितळ खाऱ्या पाण्याचा किनारा लागतो. मग चहा झाला.

जिताड्याचं बीही आता विकत मिळतं. थायलंडमध्ये १९७० नंतर आणि आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय संस्थेत १९९७ साली या माशाची अंडी बंदिस्त जागेत घेता आली. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून पिल्लं येतात. माझा पुतण्या मागवतो. एकसारखी, मोजलेली, गोळी खायला शिकलेली. त्याचं तळं माझ्यापेक्षा जास्त देतं, हे मान्य करायला हवं. तो मला म्हणतो, "काका, उघाडीच्या नादाला किती दिवस लागणार? बी पिशवीत येतं." मी त्याला आजीचं वाक्य सांगितलं. तो म्हणाला, "आजीला पिशवी ठाऊक नव्हती."

तरी मी दर श्रावणात पिल्लं धरायला जातो. आणि जातो कुठे? त्या बुडालेल्या दीड एकरात. तिवरांच्या मुळांत ओहोटीला जी डबकी राहतात, त्यांत पिल्लं असतात. भरपूर असतात. उघाडीशी कधी मिळाली नाहीत एवढी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चिखलात तसाच उभा राहिलो. जे शेत माझ्या सहीनं गेलं, तिथे जिताडा वाढायला येतो. आनंद मानावा की लाज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पिल्लं मात्र घरी आणली.

गेल्या वर्षी दुसरी खांड पडायला लागली. ती गेली असती तर उरलेली भातशेतीही बुडाली असती, गावाची विहीर मचूळ झाली असती. पुतण्यानं मोबाइलवर निरोप टाकला, रविवारी भांग आहे, फावडं घेऊन या. साठ-पासष्ट घरांतून तेवीस माणसं आली. दंड कोणाला करणार? पण तेवीस आली. दोघं-तिघं मुंबईहून रजा टाकून आले होते, त्यांना चिखलाचा गोळा धरता येत नव्हता, हातातून निसटत होता. मी रांगेत पाचवा होतो. पेंढा कुणाकडे शिल्लक नव्हता, सगळे यंत्रानं भात कापतात. मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत चिखल भरला.

पुतण्याचा विचार तिथे सरळ बंद बांध घालायचा होता. मी म्हणालो, पाणी बाहेर कुठून जाणार? त्यावर थोडी वादावादी झाली. शेवटी सिमेंटचा मोठा पाइप बसवला आणि सुताराकडून त्याला सागाची झाप करून घेतली, बिजागरी वरच्या अंगाला. सुतारानं अशी झाप आयुष्यात केली नव्हती. मी त्याला कागदावर काढून दाखवली. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा बसली.

आम्ही संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिलो. भरती चढली, झाप आवळली गेली. कडेनं थोडं पाणी झिरपत होतं. पुतण्या म्हणाला, रबर लावू. मी म्हणालो, राहू दे तेवढं. रात्री आठच्या सुमारास ओहोटी लागली आणि आतल्या पाण्यानं झाप ढकलली. बॅटरीच्या उजेडात बघितलं, दोन बोटं उघडली होती. पुतण्या वाकून पाइपात बघत होता. मग त्यानं घरी फोन लावला आणि सांगितलं, उद्या सकाळी मडकं काढून ठेवा, काकांबरोबर जायचं आहे.